प्राचार्यपदाची तयारी नेमकी कुठे होते?

जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं की कॉलेजात समित्यांची यादी लागते. प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक निघतं. बहुतेक जण आपलं नाव कुठे आहे एवढं बघतात आणि वर्गावर जातात. पण उच्च शिक्षणात वरच्या खुर्च्यांवर बायका कमी का दिसतात, याचं निम्मं उत्तर त्या यादीत असतं. सांस्कृतिक विभाग, महिला विकास कक्ष, मुलींचं वसतिगृह, वार्षिक अंक, पाहुण्यांचं स्वागत यांच्यापुढे मॅडमची नावं असतात. खरेदी, बांधकाम, परीक्षा, प्रवेश, हिशेब तपासणी यांच्यापुढे सरांची. सगळ्याच कॉलेजांत असं होत नाही, पण पुष्कळ ठिकाणी होतं, आणि कुणी वाईट हेतूने करतं असंही नाही. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी टाइप केली जाते आणि वाटणी जशीच्या तशी पुढे सरकते.

'स्त्री नेतृत्व विकास' हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत परिषदांच्या बॅनरवर फार दिसतो. त्यामागचा प्रश्न खरा आहे, म्हणून तो साध्या शब्दांत समजून घेऊ. कॉलेजात आणि विद्यापीठात स्त्रिया शिकवतात, संशोधन करतात, विद्यार्थी घडवतात. तरी विभागप्रमुख, उपप्राचार्य, प्राचार्य, अधिष्ठाता, कुलगुरू या पायऱ्या चढताना त्यांची संख्या रोडावत का जाते, आणि ती गळती थांबवायला काय करावं लागतं?

आधी आकडे बघू. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षणातले विद्यार्थी ४.३३ कोटी होते आणि त्यांत मुली २.०७ कोटी. शिक्षक सुमारे १५.९८ लाख, त्यांतल्या स्त्रिया ४३.४ टक्के. म्हणजे वर्गात मुली जवळजवळ निम्म्या आणि फळ्यापाशी बायका निम्म्याच्या थोड्या खाली. इथपर्यंतची वाटचाल मोठी आहे, ती कमी लेखायची नाही. पण याच सर्वेक्षणात पदानुसार आकडे बघितले की सहायक प्राध्यापकांपेक्षा सहयोगी प्राध्यापकांत आणि त्यांच्यापेक्षाही प्राध्यापकांत स्त्रियांचं प्रमाण घटताना दिसतं. याचं एक कारण काळाचं आहे. आज प्राध्यापक असलेले लोक पंधरा-वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागले, आणि तेव्हा भरतीतच स्त्रिया कमी होत्या. मात्र 'थोडं थांबा, आपोआप होईल' असं म्हणणं पुरेसं नाही. कारण मधल्या वर्षांत काय घडतं हे आपल्या हातात असतं.

त्यासाठी प्राचार्य होण्याचा रस्ता कसा आहे ते बघावं लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे प्राचार्यपदासाठी पीएच.डी. लागते, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक असावं लागतं, अध्यापन-संशोधनाचा मिळून किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, किमान १० शोधनिबंध लागतात आणि संशोधनाचे किमान ११० गुण. नेमणूक पाच वर्षांची. कामाचं मूल्यमापन होऊन आणखी पाच वर्षं मिळू शकतात. कुलगुरूपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून १० वर्षं किंवा नामांकित संस्थेत तेवढाच अनुभव, आणि त्यासोबत शैक्षणिक नेतृत्व केल्याचा पुरावा.

आता हे मागे मोजत या. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी 'कॅस'मधून, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या ज्या योजनेला स्टाफरूममध्ये अजूनही 'प्लेसमेंट' म्हणतात तिच्यातून, तीन टप्पे पार करावे लागतात. नोकरीला लागताना पीएच.डी. असेल तर पहिला टप्पा चार वर्षांचा आणि नसेल तर सहसा सहा वर्षांचा. पुढचा पाच वर्षांचा, त्यापुढचा तीन. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी बारा ते चौदा वर्षं. प्रत्येक टप्प्याला उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, शोधनिबंध अशा अटी असतात, आणि कॉलेजमधल्या सहयोगी प्राध्यापकपदाला पीएच.डी. लागतेच.

सत्ताविशीत नोकरीला लागलेल्या स्त्रीची ही बारा-चौदा वर्षं कोणती असतात? लग्न, बाळंतपण, मुलांची लहान वयं, आणि नंतर सासू-सासऱ्यांची किंवा आई-वडिलांची आजारपणं. पूर्वी उद्बोधन वर्गासाठी दुसऱ्या शहरात जाऊन तीन-चार आठवडे राहावं लागे. तान्हं मूल घरी ठेवून ते जमत नसे, म्हणून 'पुढच्या वर्षी करू' व्हायचं. पुढच्या वर्षी केलं की पदोन्नती वर्षाने मागे, त्यानंतरचा टप्पाही मागे. एका उजळणी वर्गापासून सुरू झालेला उशीर दहा वर्षांनी तीन-चार वर्षांचा होतो. तोवर प्राचार्यपदाची जाहिरात येते आणि त्या बाई अजून सहयोगी प्राध्यापक झालेल्या नसतात. मुलाखतीत त्यांना कुणी नाकारलेलं नसतं. त्या अर्जापर्यंतच पोचलेल्या नसतात. आता यांतले बरेच वर्ग ऑनलाइन होतात, हा बदल दिसायला छोटा वाटला तरी स्त्रियांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

नियमांत स्त्रियांसाठी काही तरतुदी आहेत, आणि त्या पुष्कळ जणींना माहीत नसतात. २०१८च्या नियमावलीत कॅसच्या मूल्यमापनाच्या तक्त्याखाली लिहिलं आहे, की प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा अशा रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळाच्या कामावरून त्या प्रमाणात गुण द्यायचे, आणि मंजूर रजेमुळे शिक्षकाचं नुकसान होऊ द्यायचं नाही. म्हणजे 'मॅडम, त्या वर्षी तुम्ही सहा महिने रजेवर होता, तुमच्या अॅक्टिव्हिटी कमी भरतात' असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवता येतं. पीएच.डी.च्या २०२२च्या नियमांतही स्त्री उमेदवारांना ठरलेल्या मुदतीपेक्षा दोन वर्षं जास्त मिळतात, आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. हे नियम प्रत्येक नव्या शिक्षिकेच्या हाती रुजू होतानाच पडले पाहिजेत. दहा वर्षांनी कुणाकडून तरी कानावर येऊन उपयोग नाही.

इथे एका मोठ्या गटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्या बायका. महाराष्ट्रात पूर्णवेळ पदांची भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि तोवर नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेल्या, पीएच.डी. झालेल्या मुली तासाच्या पैशांवर दोन-दोन कॉलेजांत शिकवतात. त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या शिडीची पहिली पायरीच नसते. नेतृत्व विकासाच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्यांना बोलावलं जात नाही, कारण त्या कागदोपत्री त्या कॉलेजच्या नसतातच. पुढच्या पिढीच्या प्राचार्या यांच्यातूनच यायला हव्या होत्या. भरती वेळेवर करणं हासुद्धा स्त्री नेतृत्वाचाच प्रश्न आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता पुन्हा समित्यांकडे येऊ, कारण गाभा तिथे आहे.

कॉलेज चालवणं म्हणजे काय? वेतनाचं बिल वेळेत जाणं, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाशी पत्रव्यवहार, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी तपासून घेणं, वर्कलोडवरून पदं किती मंजूर होतात ते बघणं, विनाअनुदानित तुकड्यांच्या फीचा हिशेब, ऑडिटमधले आक्षेप, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी, विद्यार्थ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे तंटे, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एखादी गोष्ट नियमात का बसत नाही हे शांतपणे पटवून देणं. यातलं काहीही एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.मध्ये शिकवत नाहीत. हे शिकायची जागा एकच असते, ते काम थोड्या प्रमाणात आधी करायला मिळणं. खरेदी समितीत तीन वर्षं बसलेल्या माणसाला कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मंजुरीची मर्यादा या गोष्टी अंगवळणी पडतात. परीक्षा विभाग सांभाळलेल्याला विद्यापीठाची भाषा कळते. वीस वर्षं सूत्रसंचालन केलेल्या, गॅदरिंग बसवलेल्या बाईंनीही अफाट कष्ट केलेले असतात. तीनशे मुलांना शिस्तीत ठेवून कार्यक्रम पार पाडणं सोपं नाही. पण मुलाखतीत 'अंदाजपत्रक हाताळलंय का?' असं विचारलं की त्यांच्यापाशी उत्तर नसतं. त्यांना कष्ट भरपूर मिळाले, अधिकार मिळाला नाही. जिथे पैशाचा किंवा नियमाचा निर्णय घ्यावा लागतो अशी सही त्यांनी कधी केलेलीच नसते.

कॅसच्या तक्त्यात विभागप्रमुख, समन्वयक, वसतिगृह अधीक्षक, परीक्षेची कामं, एनएसएस-एनसीसीसारखे उपक्रम, परिषदा, संशोधन प्रकल्प अशी कामं मोजली जातात. समन्वयकपद मिळालं तर ते लेखी नेमणुकीचं पत्र घेऊन मिळालं पाहिजे, हे त्यावरून लक्षात येईल. 'मॅडम, तुम्ही जरा बघून घ्या ना' असं तोंडी सांगून करवून घेतलेलं काम फाइलमध्ये शून्य असतं. बायका इथे फार नुकसान करून घेतात. पत्र मागणं त्यांना हावरेपणाचं वाटतं.

पूर्वी ज्या स्त्रिया वर पोचल्या त्यांच्या वाटा बघितल्या तर हीच गोष्ट दिसते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ मध्ये त्या पदावर आल्या. त्या बालशल्यचिकित्सक होत्या हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याआधी त्या शीवच्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या, हे जास्त महत्त्वाचं आहे. एवढं मोठं पालिका रुग्णालय चालवलेल्या बाईंना विद्यापीठाच्या कारभाराचा धसका वाटायचं कारण नव्हतं. विद्यापीठाच्या कागदपत्रांवर आईचं नाव आणण्याचा निर्णय त्यांच्या नावाशी जोडला जातो. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका म्हणून आपल्या परिचयाच्या, पण डेक्कन कॉलेजात जाण्यापूर्वी त्या १९३० च्या दशकात महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या, कुलसचिव होत्या. आर्मायटी देसाई आधी मुंबईतल्या निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या प्राचार्या, मग १९८२ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या संचालक, आणि १९९५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या आधी, १९८१ ते १९८६, आयोगाच्या अध्यक्षपदी माधुरी शाह होत्या. त्या एसएनडीटीच्या कुलगुरू राहिल्या होत्या, आणि त्याही आधी मुंबई महापालिकेत शिक्षणाधिकारी. हंसा मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, तेव्हा एसएनडीटीचं कुलगुरूपद त्यांच्या गाठीशी होतं.

या यादीत एसएनडीटी वारंवार येतं, हा योगायोग नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं ते मुलींनी शिकावं म्हणून. पण स्त्रियांच्या संस्थेत कुलसचिव, विभागप्रमुख, कुलगुरू ही पदं स्त्रियांकडे येण्याची शक्यता जास्त असते, आणि तिथे कारभार शिकलेल्या स्त्रिया पुढे इतरत्र जाऊ शकतात. महिला कॉलेजांकडे आज कुणी 'जुन्या काळची गोष्ट' म्हणून बघतं, तेव्हा हा हिशेब विसरला जातो.

मग प्रशिक्षणाचा उपयोग काय? आहे, पण तो योग्य जागी ठेवला तर. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातल्या स्त्री व्यवस्थापकांच्या क्षमतावाढीसाठी योजना चालवली होती. तिच्या पहिल्या पातळीच्या कार्यशाळांना 'सॅम' म्हणत: संवेदनशीलता, जाणीव, प्रेरणा. त्यातल्या काही जणींना पुढे प्रशिक्षक म्हणून तयार केलं जाई. उच्च शिक्षणाचा कारभार, शैक्षणिक नेतृत्व, घर आणि नोकरी या दोन भूमिकांचा मेळ, स्त्री-अभ्यासाची दृष्टी असे विषय त्यात असत. त्यांचा मोठा फायदा असा, की दुसऱ्या गावच्या बाईंचंही अगदी आपल्यासारखंच चाललंय हे तिथे पहिल्यांदा कळतं. आपण कमी पडतोय असं इतकी वर्षं वाटत असतं, ती समजूत तिथे गळून पडते. पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'लीप' हा तीन आठवड्यांचा कार्यक्रम आणला, त्यातले दोन आठवडे देशात आणि एक परदेशात. घरात लहान मूल असलेल्या प्राध्यापिकेला तीन आठवड्यांपैकी किती जमतील, हा प्रश्न अशा कार्यक्रमांच्या आखणीतच विचारला जायला हवा.

बाहेरच्या देशांतले दोन नमुने सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात १९७६ पासून स्त्रियांसाठी उन्हाळी नेतृत्व वर्ग सुरू झाले. विद्यापीठाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे समजून घेणं हा त्यांच्या शिकवण्याचा भाग राहिला. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये 'अरोरा' हा नेतृत्व कार्यक्रम सुरू झाला. तो कारकिर्दीच्या आरंभीच्या आणि मधल्या टप्प्यावरच्या स्त्रियांसाठी आहे, आणि त्यात येणारीला तिच्याच विद्यापीठातला एक मार्गदर्शक मिळतो. मला यातला दुसरा नमुना जास्त पटतो. आपल्याकडे नेतृत्वाचं प्रशिक्षण पन्नाशीच्या आसपास, 'आता तुम्ही सीनिअर झालात' म्हणून मिळतं. ते पस्तिशीत मिळायला हवं, आणि परत आल्यावर कॉलेजमध्ये कुणीतरी विचारणारं हवं: शिकून आलात ना, मग या वर्षी अंदाजपत्रकाचं काम तुमच्याकडे.

मार्गदर्शनाबद्दलही एक फरक ध्यानात घ्यायला हवा. सल्ला देणारे वडीलधारे पुष्कळ भेटतात. 'पेपर लिहा, वाचत राहा' हा सल्ला चांगलाच आहे. पण ज्या बैठकीत आपण नसतो तिथे आपलं नाव घेणारं माणूस वेगळं असतं. अभ्यास मंडळावर कुणाला घ्यायचं, चौकशी समितीवर कुणाला पाठवायचं, प्रभारी कोण, हे बऱ्याचदा संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसात चहावर ठरतं. तिथे पुरुष असतात, ते एकमेकांना ओळखतात, आणि ओळखीतली नावं सुचवतात. त्यात जातीची, नात्याची, गावकीची वर्तुळंही असतात. दलित, आदिवासी, भटक्या समाजांतून आलेल्या प्राध्यापिकेला बाई म्हणून आणि त्या वर्तुळाबाहेरची म्हणून असं दुहेरी बाहेर राहावं लागतं. तिच्यासाठी नाव घेणारं माणूस मिळणं हे कार्यशाळेपेक्षा मोलाचं ठरतं, आणि ज्या ज्येष्ठ स्त्रिया त्या बैठकीत पोचल्या आहेत त्यांच्यावर ती जबाबदारी येते.

कायद्याने काही दारं उघडी ठेवली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. त्यात पूर्णवेळ शिक्षकांमधून तीन प्रतिनिधी निवडून जातात, आणि त्यांत किमान एक स्त्री असावी लागते. ही समिती अंदाजपत्रक बघते, विकास आराखडा करते आणि वर्षातून किमान चार वेळा बसते. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य तिथे असतात. म्हणजे कॉलेजचा पैसा आणि पुढची दिशा कळण्याची ही खरी शाळा आहे. कित्येक कॉलेजांत मात्र ही निवडणूक बिनविरोध उरकते आणि स्त्री प्रतिनिधी म्हणून कुणाला तरी 'तुम्ही सही करा, बाकी आम्ही बघतो' असं सांगितलं जातं. सही करण्याआधी कार्यक्रमपत्रिका आठवडाभर आधी मागा, अंदाजपत्रकाची प्रत घरी नेऊन वाचा, न कळलेला आकडा बैठकीत विचारा. पहिल्या वर्षी प्रश्न बाळबोध वाटतील, तिसऱ्या वर्षी ते वाटणार नाहीत. शिवाय उरलेल्या दोन जागा सरांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत, तिथेही अर्ज भरता येतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, प्राचार्यांच्या आणि अध्यापकांच्या गटांतही स्त्रियांसाठी जागा आहेत.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्षपद नियमानेच ज्येष्ठ स्त्री शिक्षिकेकडे असतं. ते महिला कक्षासारखं 'आणखी एक काम' समजलं जातं, पण त्यात साक्षी घेणं, पुरावा तोलणं, मुदतीत अहवाल लिहिणं, दबाव झेलणं हे सगळं आहे. ज्या बाईंनी अशी एक चौकशी नीट पूर्ण केली, त्यांना शिस्तभंगाची प्रकरणं हाताळण्याचा अनुभव आहे असं अर्जात स्पष्ट लिहिता येतं. तक्रारदारांची नावं आणि तपशील मात्र कुठेही येता कामा नयेत.

प्राचार्यांच्या हातात तर बिनखर्चाचा उपाय आहे. समित्यांची यादी टाइप करताना मागच्या पाच वर्षांच्या याद्या शेजारी ठेवायच्या. जी व्यक्ती तीन वर्षं सांस्कृतिक विभागात आहे तिला परीक्षा किंवा खरेदीत घ्यायचं, आणि ज्या सरांनी कधी वसतिगृह किंवा स्वागत सांभाळलं नाही त्यांना तिकडे. बैठका पाचनंतर ठेवायच्या नाहीत. उपप्राचार्यपद नियमावलीत दोन वर्षांच्या मुदतीचं आहे, ते खरोखर फिरतं ठेवलं तर दहा वर्षांत पाच माणसं कारभार शिकतात.

संस्थाचालकांसाठी दोन गोष्टी उरतात. एक मुलाखतीची. 'घर कसं सांभाळाल?', 'मिस्टर कुठे असतात?' हे प्रश्न अजून विचारले जातात. पुरुष उमेदवाराला ते विचारत नाहीत, म्हणून ते स्त्रीलाही विचारायचे नाहीत, आणि कुणी विचारलाच तर तिथल्या तिथे थांबवणं हे समितीच्या अध्यक्षांचं काम आहे. दुसरी बदलीची. अनेक शाखा असलेल्या संस्थांत प्राचार्यपद मिळतं ते बहुधा दुसऱ्या तालुक्यातलं. त्या गावात भाड्याने घर मिळवून देणं, रुजू व्हायला सत्र संपेपर्यंत मुदत देणं, शक्य असेल तिथे जवळची शाखा देणं, एवढ्यानेही नकाराचे होकार होतात. आणि एखादीने नाही म्हटलं तर 'त्यांना नकोच आहे' असा शेरा कायमचा मारून तिचं नाव यादीतून काढू नये. त्या वर्षी तिच्या मुलीची अकरावी असू शकते. दोन वर्षांनी तिला पुन्हा विचारावं.